झाकलेली डोकी आणि वहिनीचा नवा फोन

आमच्या दुकानाला पाटी नाही. खाली चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या बाजूनं एक अरुंद जिना वर येतो आणि वर हिरव्या रंगाचं साधं दार लागतं. जिना चढताना ओळखीचं कोणी भेटलंच, तर "चष्मा दाखवायला आले होते" असं खुशाल सांगता येतं. माझ्या वहिनीनं ही जागा त्याच एका गुणावर पसंत केली. तेव्हा हमरस्त्यावर काचेची दारं असलेली ऐसपैस जागाही मिळत होती. दादानं डोक्याला हात लावून विचारलं होतं, "तुला धंदा करायचाय की लपाछपी खेळायचीय?" वहिनी म्हणाली, "दोन्ही."

वहिनी विग बनवते. बाजारात मिळतात तसे टोपीसारखे बसणारे नव्हेत. ती आधी डोक्यावर पातळ प्लास्टिक ताणून, वर चिकटपट्टीचे थर देऊन साचा काढते. त्या साच्यावर जाळी शिवते आणि हुकाच्या बारीक सुईनं एकेक केस जाळीत गाठ मारून ओवते. गाठी मारायला मी. तिची नणंद. लग्न मी केलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या डोक्याला ताप द्यायची हौस मी अशी डोक्यावरच्या केसांवर भागवते. वहिनी मला मुद्दाम "वन्सं" म्हणते. जुन्या घरातल्या सुना म्हणायच्या तसं, पण पुढचं बोलणं "ए वन्सं, जरा ती कात्री टाक इकडे" अशा थाटाचं.

आमच्याकडे येणाऱ्या बायका कोण असतात हे मी सांगणार नाही. काहींना मोठ्या आजाराची औषधं चालू असतात, काहींचे केस काहीही कारण नसताना गोल गोल चकत्यांनी जातात. काहींनी घरी सांगितलेलं असतं, काहींनी नवऱ्यालाही नाही. त्यांच्यातली एखादी रस्त्यात समोरून आली तर वहिनी ओळख दाखवत नाही. आधी त्यांनी हसायचं, मग आपण. कधी कधी त्या हसत नाहीत, आणि वहिनी चपलांच्या दुकानाकडे बघत पुढे जाते. तिच्याइतक्या चपला उगाच बघितलेली बाई दुसरी नसेल.

आता फोटो. विग अंगच्या केसांसारखा दिसायचा तर कपाळावरची केसांची रेघ कुठून कशी वळते, भोवरा कोणत्या बाजूला आहे, कानामागे डोकं किती चपटं आहे, हे सगळं समोर लागतं. म्हणून फोटो काढावे लागतात, उघड्या डोक्याचेही. आणि इथे वहिनीचा एक रिवाज आहे. ती कोणाचाही तसा फोटो एकटीचा काढत नाही. स्वतः शेजारी स्टुलावर बसते, गालाला गाल लागेल इतकी जवळ, आणि मला फोटो काढायला सांगते. सुरुवातीला एका बाईनं आपला तसा एकटीचा फोटो बघितला आणि ती जी जिना उतरून गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून हे सुरू झालं. "एकटीचा फोटो पोलीस काढतात," वहिनी म्हणते. शेजारी बसल्यावर बायका थोड्या सैल होतात. एखादी हसतेसुद्धा.

हे सगळे फोटो एका जुन्या फोनमध्ये होते. त्यात सिमकार्ड नव्हतं, इंटरनेट नव्हतं. तो फोन वायरनं एका तितक्याच म्हाताऱ्या कॉम्प्युटरला जोडायचा आणि फोटो तिकडे टाकायचे. त्या कॉम्प्युटरनंही जन्मात इंटरनेटचं तोंड बघितलं नव्हतं. वहिनीला या जोडीचा फार अभिमान. "आपल्याकडून बाहेर काही जात नाही," असं ती प्रत्येक नव्या बाईला सांगायची, आणि ते खरं होतं.

पण वय कोणाला चुकलंय? फोनची बॅटरी फुगली आणि त्याचं पाठीचं झाकण पोट सुटल्यासारखं वर आलं. दादानं त्याला रबरबँड लावून दिलं. कॉम्प्युटर चालू केला की पंखा घरघर करायचा आणि पडदा निळा होऊन बसायचा. तेव्हा माझी भाची, म्हणजे वहिनीची लेक, एका रविवारी आली आणि दोन्ही वस्तू बघून तिनं कपाळावर हात मारला.

"आई, हे फेकून दे. दोन्ही नवीन घे."

"नवीनमधलं सगळं बाहेर जातं."

"आणि याचं काय? याला कुलूप तरी आहे का? उद्या कोणी जिना चढून आलं आणि हा फोन खिशात टाकून गेलं, तर रबरबँड काढायचं आणि सगळ्यांचे फोटो बघत बसायचं. जुनं आहे म्हणून सुरक्षित आहे असं थोडंच असतं."

लेकीचं म्हणणं वहिनीला पटलं होतं, आणि पटलेली गोष्ट तिला नेहमीच थोडा वेळ टोचते. मला म्हणाली, "वन्सं, इतकी वर्षं आपण दार उघडं टाकून झोपत होतो की गं."

मग सुरू झाला खरेदीचा सोहळा. आम्ही दोघी फोनची दुकानं फिरलो. विकणारी मुलं बिचारी कॅमेरा किती भारी, पडदा किती झळझळीत हे सांगायची, आणि वहिनी त्यांना विचारायची, "फोटो काढल्यावर तो जातो कुठे?"

"मॅडम, फोटो फोनमध्येच राहतो. आणि वरही राहतो, म्हणजे हरवला तरी परत मिळतो."

"वर कोणाकडे?"

"कंपनीकडे. पण कुलूपबंद असतो, मॅडम. कोणी बघू शकत नाही."

"किल्ली कोणाकडे असते?"

तो मुलगा म्हणाला, "तुमच्याकडे." मग थोडं थांबून म्हणाला, "म्हणजे कंपनीकडेपण असते." आणखी थोडं थांबून म्हणाला, "मी सरांना बोलावतो."

दुसऱ्या दुकानात एकानं सांगितलं, की अमुक कंपनीचा फोन आणि त्याच कंपनीचा कॉम्प्युटर घेतला तर ते दोघं आपोआप एकमेकांशी बोलतात. वहिनीनं त्याला विचारलं, "कोणाबद्दल?" मला तिथे हसू आवरेना. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

नवीन केस विकायला कोणी आलं की वहिनी त्यातला एक उपटून काडीनं जाळते. खरा केस जळून राख होतो आणि घाण वास सुटतो. खोटा वितळून त्याची गोळी होते. क्षणात निकाल. फोनचं तसं काही करता येत नव्हतं, हे तिचं मोठं दुखणं होतं. एका कंपनीचा स्वस्त फोन सुरुवातीलाच सगळ्याची परवानगी मागत होता. तुमचे फोटो बघू का, बोलणं ऐकू का, तुम्ही कुठे जाता ते लिहून ठेवू का. दुसऱ्या कंपनीचा महाग फोन म्हणत होता की आम्ही तसे नाही, पण आमच्यावर विश्वास ठेवा. वहिनी म्हणाली, "केसानं गळा कापणारे पण हेच म्हणतात." शेवटी घेतला मात्र महागच. "निदान लाज तरी बाळगतोय," म्हणाली. कॉम्प्युटर तूर्त राहू दिला.

लेकीनं संध्याकाळभर बसून तो फोन लावून दिला, कुलूप घातलं. जुन्यातले फोटो नव्यात आणायला वहिनीनं साफ नकार दिला. अगदी पहिल्यापासून सगळं कोरं हवं होतं तिला. लेक म्हणाली, "फक्त एक करते. तू कधी फोटोत नसतेस. बाळाला आजी रोज दिसायला हवी ना? माझ्या सासूबाईंच्या खोलीत बाबांनी दिलेली ती फोटोंची फ्रेम आहे, इंटरनेटवरून फोटो घेऊन दाखवणारी. तुझा चेहरा ज्या फोटोत असेल तेवढेच फोटो आपोआप तिथे येतील, बाकी एकही जाणार नाही." वहिनी नातवाच्या नावानं विरघळली. बरं, बरं, म्हणाली. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

आत्ता तुमच्या आलं असेल. शहाण्या वाचकांचं बरं असतं.

लेकीची काही चूक नव्हती. कामाचे फोटो आईनं तिला कधी दाखवलेच नव्हते. त्या फोटोंमध्ये फक्त गिऱ्हाईक असतं असं तिला वाटत होतं. आणि आम्हाला वाटलं, आपलं जाणारच काय तर घरातले चार फोटो.

नव्या फोनवर पहिली आली ती बँकेतली. हे तिचं आमच्यातलं नाव. एका बँकेत खिडकीपाशी बसून ती पैसे देते-घेते. तब्येत ठणठणीत, वय तरुण, पण वर्षभरात डोक्यावरचे सगळे केस गेले होते. बाजारातला एक विग घालून ती कामावर जायची. तो उन्हाळ्यात शिजायचा आणि मान वळवली की मागून उचलायचा, म्हणून ती मान वळवायचीच नाही. घरी आई सोडली तर कोणाला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी ती वहिनीला म्हणाली होती, "माझं काही दुखत नाही हो. पण एकदा का कळलं, की लोक माझ्याशी बोलताना डोक्याशी बोलतील. मला ते नकोय. कोणाला कळता कामा नये." वहिनीनं तिला शब्द दिला. मग शेजारी स्टूल ओढलं, गालाला गाल लावला, आणि मी नव्या फोनवर फोटो काढला. सुंदर आला होता, खोटं कशाला बोलू.

विग पुरा व्हायला काही महिने गेले, तोवर नवं डोकं आम्ही घेतलंच नाही. ज्या दिवशी तो तिच्या डोक्यावर बसला त्या दिवशी ती आरशासमोर मान इकडून तिकडे फिरवत राहिली, चाळा लागल्यासारखी. पुन्हा वहिनी शेजारी बसली, पुन्हा मी फोटो काढला, आणि ती केस उडवत जिना उतरली.

ती गेल्यावर वहिनी फोन बघत होती. फोननं आपणहून एक प्रश्न विचारला होता. विग चढवून ठेवायच्या आमच्या लाकडी डोक्याचा फोटो दाखवून तो विचारत होता, 'ही व्यक्ती कोण आहे?' आम्ही दोघी पोट धरून हसलो. वहिनी म्हणाली, "सांग त्याला, माझी नणंद." मी पुढचं चित्र सरकवलं आणि माझं हसू गेलं. बँकेतलीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते, केस नसलेला आणि केस असलेला. खाली लिहिलं होतं, 'ही एकच व्यक्ती आहे का?'

महिनोन्‌महिने गाठी मारून माझी बोटं सोलवटली होती. सख्ख्या मैत्रिणीला ओळखू येऊ नये म्हणून वहिनीनं कपाळावरची रेघ तीनदा उसवली होती. आणि या काचेच्या तुकड्यानं बसल्या जागी ते ओळखलं होतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

वहिनी 'नाही' दाबणार तेवढ्यात वर आणखी एक ओळ आली. 'आजी' अल्बममध्ये नवीन फोटो जमा झाला. तिनं त्यावर बोट ठेवलं. अल्बम उघडला. आत आम्ही आत्ता काढलेला फोटो होता. त्याच्या आधी नातवाबरोबरचे दोनचार. आणि त्याच्याही आधी तो पहिला, उघड्या डोक्याचा, गालाला गाल लावलेला. शेजारी फ्रेमचं छोटं चित्र.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "हा विहीणबाईंच्या खोलीत लागलाय."

आता विहीणबाईंबद्दल सांगायला हवं. लेकीच्या सासूबाई. मनानं चांगल्या, पण तोंड म्हणजे न बंद होणारा नळ. दार उघडल्यापासून चपला घालेपर्यंत बोलतात. कोणाचं कुठे जमलं, कोणाचं कशावरून मोडलं, कोणाच्या पोटात कसला खडा निघाला, सगळं तोंडपाठ. आणि दर महिन्याला पेन्शन काढायला जातात त्या नेमक्या त्याच बँकेत. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे. फोटो लागल्याला महिने झाले होते. एवढ्या काळात विहीणबाईंनी किती घरं पालथी घातली असतील याचा हिशेब मी मनात करायला लागले आणि सोडून दिला.

लेकीला फोन लावला तर ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये. दादाला लावला तर तो म्हणाला, "अगं, एवढ्या बारक्या फ्रेमवर कोण बघतंय!" वहिनीनं तिथेच फोन ठेवला. तिनं कधी त्याचा फोन असा ठेवला नव्हता. कुलूप लावून आम्ही निघालो. बसमध्ये ती माझा हात धरून बसली होती. "मी शब्द दिला होता गं तिला," एवढंच परत परत म्हणत होती. मला फक्त त्या विहीणबाईंचा आणि त्यांच्या जिभेचा संताप येत होता, आणि त्या दिवशी त्यांनी अजून माझ्यासमोर तोंडही उघडलेलं नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. "अय्या, आज दुपारच्या! कळवायचं तरी. बाळ आत्ताच झोपलाय, आता झोपायलासुद्धा नखरे, परवा तर अख्खी दुपार..." असं म्हणत त्या आम्हाला आत घेऊन गेल्या. चहा टाकला, गुडघ्याचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं सांगितलं. वहिनी हं हं करत होती आणि माझी नजर खोलीभर फिरत होती. बाळ पलंगावर पालथं झोपलं होतं. खिडकीशी टेबल होतं. त्यावर चष्म्याचं घर, गोळ्यांची डबी, पाण्याचा तांब्या. फ्रेम नव्हती.

मग ती मला दिसली. कपाटावर, भिंतीकडे तोंड करून उभी. वायर तिच्याभोवती नीट गुंडाळलेली.

वहिनीनंही बघितलं. तिनं कप खाली ठेवला. "ती फ्रेम बंद पडली का?"

विहीणबाई बोलायच्या थांबल्या. मी त्यांना ओळखते तेव्हापासून असं पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी आधी बाळाकडे बघितलं, मग उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं, तिथे कोणी नसताना.

"बंद नाही पडली. मीच काढली," त्या म्हणाल्या. "ताई, तुमचा एक फोटो लागला होता त्यावर. शेजारी एक मुलगी होती."

"कधी?"

"झाले की महिने. सकाळी पूजेला... नाही, गोळी घ्यायला उठले तर समोर. मी ओळखली तिला. माझे पैसे तीच देते. पहिल्यांदा वाटलं, तुम्ही मुद्दाम पाठवलाय. मग म्हटलं, छे, तुम्ही असं करणार नाही. चुकून आलाय. मग वायर ओढली आणि तोंड फिरवून वर ठेवली."

"कोणाला बोललात?" हे मी विचारलं. जरा तोडूनच विचारलं.

"कोणाला काय बोलायचं?" त्यांना खरंच नवल वाटलं. "डोकं तिचं आहे. मी का बोलू?"

"आमच्या लेकीला?"

"तिला म्हटलं, त्या उजेडानं माझी झोप मोडते. ती म्हणाली राहू दे मग. बाळाला आजी दिसत नाही म्हणून मला वाईट वाटत होतं, पण काय करणार, फोटो निवडून काढायचे मला येत नाहीत. तुम्हाला सांगायचं तर तुम्हाला किती लाज वाटली असती. म्हटलं, राहू दे भिंतीकडे तोंड करून."

वहिनीचा बांध फुटला. ती रडायला लागली, तोंडावर हात दाबून, बाळ उठू नये म्हणून. विहीणबाई घाबरल्या, पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मग त्याही रडल्या, कारण समजेना तरी. माझा जीव असा भांड्यात पडला की भांड्याचा आवाज बाहेर ऐकू गेला असेल. विहीणबाई बोलघेवड्या आहेत हे माझं मत मी मागे घेणार नाही. त्यानंतर लगेच त्यांनी भाडेकरूंची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली. पण त्या दिवशी ती मी शेवटपर्यंत ऐकली.

लेक संध्याकाळी आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं तू कधी फोटोत नसतेसच," म्हणाली आणि तिनं तिथल्या तिथे ते आपोआप जाणं बंद केलं, अल्बम पुसला, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसला. मग म्हणाली, "आई, फोनमध्ये वेगळा कप्पा करून देते. त्याला वेगळं कुलूप. तिथून काही म्हणता काही जाणार नाही."

वहिनीनं त्यावर खरंच विचार केला. चार दिवस केला. फोन वाईट आहे असं ती म्हणत नव्हती; लेकीवर तिचा विश्वास होता, आणि जुन्या रबरबँडवाल्यापेक्षा हा कितीतरी बरा होता. शेवटी मला म्हणाली, "कप्पा उघडा राहिला की बंद, हे कळायला मला दर वेळी तिला बोलवावं लागणार. मला न समजणाऱ्या कुलपात दुसऱ्यांची डोकी कशी ठेवू?"

तिनं नवा फोन बोलण्यासाठी आणि नातवासाठी ठेवला. कामासाठी एक साधा कॅमेरा आणला, ज्याला इंटरनेट म्हणजे काय हेच माहीत नाही. प्रत्येक बाईचं वेगळं मेमरी कार्ड, नखाएवढं; बँकेतलीचे फोनमधले फोटोही तिच्या कार्डावर घालून फोनमधून पुसले. काम चालू आहे तोवर ते आमच्या लोखंडी कपाटात आणि काम झालं की तिच्या हातात. पुढे दुरुस्तीला यायचं असेल तर आपलं कार्ड आपण घेऊन यायचं. फोटो बघायला लागेल तो कॉम्प्युटरही नवा आला, वायफायचं बटण लेकीकडून कायमचं बंद करून. जुन्या दोघांतले फोटो लेकीनं पुसले, कॉम्प्युटरच्या आतली तबकडी दादानं हातोडीनं फोडली. दादाला इतकं आनंदात मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली होती. बँकेतलीला सांगायचं की नाही.

मी म्हटलं, "कशाला? कोणाला कळलं नाही, जिला कळलं ती बोलली नाही. मिटलं. उगाच तिच्या जिवाला घोर."

दादाही तेच म्हणाला. वहिनीनं आम्हा दोघांकडे अशा नजरेनं बघितलं की मी गाठी मारायला लागले.

"तिचा फोटो, तिचं डोकं," वहिनी म्हणाली. "बाहेर गेला हे सगळ्यांना माहीत आणि तिलाच नाही, असं कसं चालेल?"

फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. पुढच्याच आठवड्यात बँकेतली कानामागची जाळी बसवून घ्यायला यायची होती. ती आली, हसत आली, मान वळवून मला "काय आत्या" म्हणाली. वहिनीनं तिला बसवलं, पडदा ओढला आणि कशालाही हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. शेजारी बसायचा रिवाज, नातवाची फ्रेम, आपण न विचारता हो म्हटलेलं. स्वतःची बाजू घेतली नाही, लेकीवर ढकललं नाही. "मी तुला शब्द दिला होता आणि तो मोडला," म्हणाली. "तू विग परत केलास तरी मी काही म्हणणार नाही."

बँकेतली पांढरीफटक पडली. आरशात बघत राहिली.

"कोणी बघितला?" तिनं विचारलं.

वहिनीनं सांगितलं. कशा दिसतात, कधी येतात, तेही सांगितलं.

"त्या? गुडघ्याच्या?"

"त्याच."

"त्यांनी तेव्हाच बघितला? इतके महिने झाले?"

"हो."

ती हळूहळू म्हणाली, "पण त्या दर महिन्याला येतात की. शेजारची खिडकी मोकळी असली तरी माझ्याच रांगेत उभ्या राहतात. गुडघ्याचं सांगतात, नातवाचं सांगतात. परवा म्हणाल्या, केस कापलेस वाटतं, छान दिसतेस." ती वहिनीकडे वळली. "त्यांनी एकदाही वर बघितलं नाही हो. माझ्या डोक्याकडे. मी सगळ्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून असते, मला कळतं कोण कुठे बघतंय. त्या माझ्याशीच बोलत होत्या."

"ती बाई बोलायची थांबली तरच बघणार ना," मी म्हटलं.

तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, आणि तशीच ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर मी ज्याला भीत होते ते होऊन गेलं. आणि मला पत्तासुद्धा लागला नाही!"

तिनं दोन्ही हातांनी विग उचलून मांडीवर घेतला आणि मोकळा श्वास सोडला. वहिनी तिच्यासमोर नुसती उभी होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. मीही रडले, त्यात काय लपवायचं. मग वहिनीनं नाक पुसलं, चष्मा लावला आणि कानामागची जाळी टाचायला घेतली. काम झाल्यावर तिचं कार्ड तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं.

जाताना जिन्याच्या तोंडाशी ती थांबली. "एक तारखेला त्या आल्या ना, की मी त्यांना सांगणार आहे."

"काय?"

"की मला माहीत आहे. आणि थँक यू."

"वेडी आहेस का," मी म्हटलं. "त्यांना विषय दिलास तर त्या खिडकी सोडणार नाहीत. मागे दारापर्यंत रांग लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.